सापडत नाही, तसं लिहून द्या

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूमची कुलुपं एकदम निघाली. अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण, तिथला लाठीमार, मुंबईत सुरू झालेली धावपळ हे सगळं वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळत होतं. ७ सप्टेंबरला मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्याला हुकूम गेले. निजामकाळापासूनची दप्तरं उघडा, जातीच्या रकान्यात ‘कुणबी’ लिहिलेलं दिसलं की ती नोंद बाजूला काढा. तलाठी, मंडळ अधिकारी, कारकून, मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे असे सगळे कामाला जुंपले गेले. ऑक्टोबर संपता संपता सरकारने आकडा जाहीर केला. १ कोटी ७३ लाख ७० हजार ६५९ नोंदी तपासून झाल्या होत्या आणि त्यांत कुणबी नोंदी निघाल्या होत्या ११,५३०. पुढे शोध राज्यभर नेला, तेव्हा सापडलेल्या नोंदींचा आकडा ५४ लाखांवर गेला.

सापडलेल्या नोंदींवरून भरपूर वाद झाले, अजून चालू आहेत. त्यात मला इथे शिरायचं नाही. मी अडकलो तो तपासलेल्या नोंदींच्या आकड्यापाशी. दोन महिन्यांच्या आत पावणेदोन कोटी नोंदी चाळून होतात, म्हणजे त्या कुठे आहेत हे कुणाला तरी ठाऊक होतं. मग याच खोल्यांच्या खिडकीवर वर्षानुवर्षं नकलेचा अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘जुनं रेकॉर्ड आहे, सापडत नाही’ हे उत्तर कसं मिळत होतं?

त्या शोधासाठी सरकारने एक तक्ता केला होता. कुठल्या खात्याकडे कुठली रजिस्टरं तपासायची, याचा. महसूलकडे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, हक्क नोंद पत्रक. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. शाळांकडे प्रवेश-निर्गम नोंदवही, म्हणजे आपलं जनरल रजिस्टर. पोलिसांकडे गाववारी, अटक पंचनामे, गुन्ह्यांची रजिस्टरं. तुरुंगात कच्च्या कैद्यांची नोंदवही. अबकारी खात्याकडे ताडी-दारूचे जुने परवाने. निबंधकाकडे खरेदीखतं, इसारपावत्या, बटाईपत्रं, दत्तकपत्रं. भूमी अभिलेखकडे पक्का बुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर. वक्फ अधिकाऱ्याकडे मुंतखब. सरकारी नोकरांची सेवापुस्तकं. हा तक्ता वाचला आणि आपल्या आज्याची नोंद कुठे कुठे असू शकते, याचा पहिल्यांदा अंदाज आला. अशी यादी मी आजवर कुठल्याही तहसील कचेरीच्या भिंतीवर लावलेली पाहिलेली नाही. तिथे ‘लाच देणे व घेणे गुन्हा आहे’ हा फलक असतो, लोकसेवा हक्क कायद्याचा फलक असतो, अधिकाऱ्यांच्या नावांची पाटी असते. या कचेरीत आत काय ठेवलंय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

जुना कागद मागायला येणारी माणसं ठरलेल्या कारणांनी येतात. वाटणीचा दावा, हद्दीचं भांडण, वारसनोंद, कुळाचा हक्क. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सगळ्यांत मोठं कारण म्हणजे पोराची ‘व्हॅलिडिटी’, जात पडताळणीचं प्रमाणपत्र. राज्याच्या जात प्रमाणपत्राच्या कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या वेळी, शक्यतो त्याआधी, आपलं कुटुंब इथेच होतं आणि अमुक जातीचं म्हणून लिहिलं गेलं होतं, याचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा जितका जुना तितका वजनदार. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीला इंजिनिअरिंगची जागा मिळणार की नाही, हे तिच्या पणज्याच्या जन्माच्या वेळी गावच्या कोतवालाने सांगितलेलं आणि पाटलाने लिहून घेतलेलं टिकलंय की नाही, यावर येऊन ठेपतं. प्रवेशाची मुदत जुलै-ऑगस्टात असते. तेव्हा तहसीलच्या नकल विभागासमोर जी गर्दी होते ती पाहण्यासारखी असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची चळत, बरोबर गावातला एखादा ‘माहीतगार’, आणि भाऊसाहेब जेवायला गेलेले.

खिडकीवरचं संभाषण साधारण असं होतं.

‘‘भाऊसाहेब, आज्याचा पुरावा पाहिजे होता.’’

‘‘कशाचा? फेरफार, पाहणी, खासरा, कोतवाल बुक... काय पाहिजे?’’

‘‘ज्याच्यात जात आसंल ते.’’

‘‘सर्व्हे नंबर?’’

‘‘गट नंबर आहे ना.’’

‘‘गट चालत नाही, जुना सर्व्हे नंबर लागतो. साल सांगा.’’

इथे माणूस गप्प होतो. डॉक्टरकडे जाऊन दुखणं सांगावं, तर त्याने विचारावं की औषधाचं नाव काय लिहू, तशी गत. भाऊसाहेब खोटं बोलत नसतात. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबर मोडून गट पडले. त्याआधीच्या कागदात गट नंबर असणारच नाही. कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला, हे सांगणारी पत्रकं एकत्रीकरणाच्या योजनेत असतात आणि ती उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कचेरीत मिळतात. म्हणजे तहसीलमधला एक कागद मिळवायला आधी दुसऱ्या कचेरीतला कागद लागतो. बऱ्याच तालुक्यांत ही दुसरी कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या इमारतीत असते.

सालाचंही तसंच. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३४३ फसली म्हणजे १९३३-३४. महिने आजूर, दय, बहमन असे. ज्याला हे माहीत नाही तो १९३४ चा कागद मागतो आणि १३४३ लिहिलेला गठ्ठा समोर पडलेला असला तरी कुणी त्याला हात लावत नाही.

या सगळ्याहून मोठा घोळ गावाच्या पत्त्याचा. आज गाव ज्या तालुक्यात आहे तिथेच त्याचं दप्तर असेल, असं धरून माणूस चालतो. पण तालुके आणि जिल्हे फुटत आलेत. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, वाशीम आणि नंदुरबार १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे, पालघर २०१४ चा. अंतरवाली सराटी ज्या अंबड तालुक्यात आहे तो तालुका १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होता. हिंगोलीकडच्या गावाचा जुना कागद परभणीत असू शकतो. मागे गेलं की वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालत होता आणि मराठवाड्याचा हैदराबादेहून. शिंदे समितीलाही शोधासाठी हैदराबादला जावं लागलं. जिल्हा फुटतो तेव्हा दप्तर वाटून द्यायचं असतं. ते टेम्पोत घालून पाठवतात, सोबत हस्तांतरणाची यादी असते किंवा असायला हवी. यादी नीट झाली असेल तर कागद सापडतो. नाही तर दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि दोघी आपापल्या जागी खऱ्याच असतात. म्हणून अर्ज लिहिण्याआधी पहिला प्रश्न हा की त्या साली हे गाव कुणाच्या हद्दीत होतं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी निवृत्त अव्वल कारकुनांशी बोलत बसलो होतो. नोकरीतला बराच काळ त्यांनी अभिलेख कक्षात काढलेला. आपल्या महसूल खात्याची पद्धत कागदावर फार चोख आहे, ती त्यांनी बोटावर मोजून सांगितली. टेबलावर सहा गठ्ठे. पहिला प्रलंबित कामांचा, दुसरा प्रतीक्षेतल्यांचा, तिसरा नियतकालिकांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा रेकॉर्ड रूमला पाठवायचा, सहावा नष्ट करायचा. रेकॉर्डला जाताना प्रत्येक संचिकेवर वर्ग पडतो. अ म्हणजे कायमचं, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. अ वर्गाचं लाल कापडात, म्हणजे रुमालात, बांधायचं. हक्काचे कागद, फेरफार, जन्म-मृत्यू हे सगळं जन्मभर जपायचं. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी हीच जुनी शिस्त झाडून-पुसून पुन्हा उभी केली. कागद लावण्याची, बसण्याची, शोधण्याची सगळी व्यवस्था बदलली आणि ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर गाजली. खात्याच्या प्रशिक्षणात अजून शिकवतात.

‘‘मग बिघडतं कुठं?’’ मी विचारलं.

‘‘पावसाळ्यात,’’ ते म्हणाले. ‘‘छत गळाया लागलं की शिपाई खालच्या फळीवरचे रुमाल वर टाकणार, वरचे खिडकीपाशी. कुठला कुठं टाकला ते वहीत कोण लिहितंय? पुढच्या साली बदली. नवा माणूस येतो, त्याला निवडणुकीचं काम लागतं. अभिलेखापालाची जागा रिकामी, चार्ज दुसऱ्याकडं. त्याला खोलीत जायला वेळ कुठला? कागद जागेवरच आसतो हो. फळी बदललेली आसती.’’

खोलीत खरी माहिती असते ती तिथल्या जुन्या शिपायाला. कुठल्या मंडळाचं दप्तर कुठल्या भिंतीला आहे, कुठल्या रॅकला वाळवी लागली, मोडीतलं कुठे, उर्दूतलं कुठे, हे त्याच्या डोक्यात. तो निवृत्त झाला की ती यादी त्याच्याबरोबर घरी जाते. आणि एक प्रत फाटकाबाहेर असते. झेरॉक्सची टपरी, शेजारी मुद्रांक विक्रेता, त्याच्याजवळ टेबल टाकून बसलेला अर्ज लिहिणारा. अशाच एका अर्ज लिहिणाऱ्याकडे मी एक जाडजूड वही पाहिली. गाववार पानं, प्रत्येक गावापुढे कुठल्या सालाचं कोतवाल बुक आहे, रुमाल नंबर काय, कुठली सालं फाटलेली. इतक्या वर्षांत आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकलांवरून त्याने ती जमवलेली. त्याचा सगळा धंदा त्या वहीवर चालतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा राग येण्याऐवजी मला त्याचं कौतुकच वाटलं. सरकारने ठेवायची सूची त्याने ठेवली.

कोतवाल बुक म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक पान. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात पाहिलेलं, १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचं. लांबट, जाड कागद, कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी पडलेली, मजकूर मोडीत. मोडी वाचणारे गृहस्थ शेजारी बसून एकेक ओळ वाचत होते. मयताचं नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. कारणाच्या रकान्यात ‘ताप’. खाली पुन्हा ‘ताप’. पान उलटलं तरी ‘ताप’. ती मानमोडीची साथ, जगभर पसरलेला इन्फ्लुएंझा. एरवी महिन्याला दोन-चार नोंदी होणाऱ्या गावात लिहिणाऱ्याला पानं पुरेनात, म्हणून त्याने अक्षर बारीक केलेलं दिसतं. जन्माच्या पानावर वेगळीच पंचाईत. बापाचं नाव असतं, जात असते, पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बाळाचं नाव नाही, कारण बारसं व्हायच्या आतच नोंद झालेली. आडनाव तर बहुतेक नसतंच. ‘सखाराम बिन रामा’ एवढ्यावर काम. आता १९१८ चा हा अनामिक मुलगा म्हणजेच आमचा आजा, हे पडताळणी समितीला पटवायचं कसं? शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख तिला जुळत नाही, कारण गुरुजींनी ती अंदाजाने घातलेली. शाळेत नाव घालताना लेकरू डाव्या कानाला उजवा हात लावून दाखवायचं आणि गुरुजी १ जून लिहायचे. म्हणून एकच कागद कधी पुरत नाही. जन्माची नोंद, शाळेचं रजिस्टर, वारसाचा फेरफार असे तीन-चार कागद एकमेकांना टेकू देऊन उभे करावे लागतात.

यात फेरफार सगळ्यांत बोलका. सातबारा आज कुणाचं काय आहे एवढंच सांगतो. ते तसं का झालं हे गाव नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत असतं. ‘अमुक मयत, वारस मुलगे तीन, पैकी एक अज्ञान, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई.’ चार ओळींत घरातलं मरण, पोरकी पोरं आणि विधवा. मुली बहुतेक वेळा गाळलेल्या, किंवा ‘इतर हक्कात’ ढकललेल्या. जमिनीच्या दाव्यात तर सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावापुढचा फेरफार क्रमांक पकडून मागे मागे जायचं, हाच राजमार्ग. सातबाऱ्याचं दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. नवीन पानावर उतरवताना कुणाचं नाव राहून जायचं, कुणाची आणेवारी बदलायची. लेखनातली अशी चूक दुरुस्त करायला जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ आहे. पण चूक झाली हे दाखवायला पुनर्लेखनाच्या आधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही पानं हातात लागतात.

तालुक्याच्या गावात एक कचेरी मात्र अशी आहे जिथे जुना कागद शोधायला माहीतगार लागत नाही. दुय्यम निबंधकाची. १९०८ च्या नोंदणी कायद्याने तिथे सूची ठेवणं सक्तीचं केलं. सूची क्रमांक १ मध्ये दस्त करून देणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांची नावं, सूची क्रमांक २ मध्ये मिळकती. हीच दुसरी ‘इंडेक्स टू’ म्हणून खेड्यापाड्यांत पोचलेली आहे; ज्याला इंग्रजी येत नाही तोही ‘इंडेक्स टू काढून आणा’ म्हणतो. कलम ५७ सांगतं की फी भरून कुणीही या सूची आणि पहिलं पुस्तक पाहू शकतो. मृत्युपत्रांचं पुस्तक मात्र सगळ्यांना खुलं नाही. बँकेचं कर्ज घेताना वकील तीस वर्षांचा शोध अहवाल देतात तो याच बळावर. तिथेही कर्मचारी तेवढेच, पाऊस तेवढाच, वाळवीही तीच. फरक सूचीचा.

महसुलाच्या कागदाला असा कायदा नव्हता, असं म्हणून सुटता येत नाही. माहिती अधिकार कायद्याचं पहिलंच खरं काम कलम ४(१)(क) मध्ये सांगितलंय: प्रत्येक कार्यालयाने आपले सगळे अभिलेख रीतसर सूचीबद्ध करून, त्यांची निर्देशसूची करून ठेवावी. कोणत्या प्रकारचे दस्तऐवज आपल्या ताब्यात आहेत हे जाहीर करायला तर १२० दिवसांची मुदत होती. ती २००५ मध्येच संपली. कचेऱ्यांनी ‘कलम ४ ची माहिती’ म्हणून फाइल तयार केली. तिच्यात कर्मचाऱ्यांची नावं, पगार आणि खात्याची उद्दिष्टं. दस्तऐवजांच्या सदरात बऱ्याच ठिकाणी ‘अभिलेख कक्षात उपलब्ध’ एवढी एक ओळ. आपण कलम ६ खाली अर्ज करतो, तीस दिवस मोजतो, अपिलात जातो, दंडाच्या गोष्टी करतो. आणि कलम ४ बद्दल बोलायला कुणाला वेळ नसतो. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

हक्काची तर कमतरता कधीच नव्हती. ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा माणसाला हक्क आहे त्याची नक्कल फी घेऊन द्यावीच लागेल, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ७६ सांगत होतं; २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम ७५ झालं. जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३२७ नकाशे आणि भूमी अभिलेख पाहणीसाठी खुले ठेवतं. माहिती अधिकाराचा राज्याचा स्वतःचा कायदा केंद्राच्या आधी झाला, त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले. त्यामुळे नकलेच्या अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून उभा राहिलेला माणूस दीडशे वर्षं जुना हक्क बजावत असतो, आणि ‘‘कशाला पाहिजे?’’ या प्रश्नाला उत्तर देण्याचं बंधन माहिती अधिकारात त्याच्यावर नाही.

नक्कल की माहिती अधिकार, यात लोकांचा गोंधळ होतो. कोर्टात किंवा पडताळणीत ठेवायचा कागद असेल आणि तो कुठे आहे हे माहीत असेल, तर सरळ नकलेचा अर्ज. खरी नक्कल मिळते, शिक्क्यासह. माहिती अधिकार वापरायचा तो कागद कुठे आहे हे काढून घ्यायला. आपल्या राज्याचा नियम दीडशे शब्द आणि एक विषय असा आहे, फी दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन. बहुतेक अर्ज ‘माझ्या आजोबांच्या जातीचा पुरावा मिळावा’ असे असतात आणि त्यांना ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे’ किंवा ‘शोध घेतला असता आढळून येत नाही’ असं उत्तर येतं. त्या निवृत्त कारकुनांनी मला दुसऱ्या तऱ्हेचा अर्ज सांगितला, तो जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो:

‘मौजे अमुक, ता. अमुक येथील सन १९२० ते १९४० या कालावधीतील गाव नमुना १४ ज्या दप्तर यादीत नोंदवला आहे, त्या यादीच्या संबंधित पानाची प्रत. यादीत नोंद नसल्यास सदर अभिलेख अन्य कार्यालयाकडे वर्ग केल्याच्या हस्तांतरण यादीची प्रत. नष्ट केला असल्यास नष्टीकरणाचा आदेश व नष्टीकरण नोंदवहीच्या पानाची प्रत.’

एक विषय, तीन कागद, आणि पळायला वाट नाही. कागद इथे आहे, तिकडे गेला, किंवा जाळला. चौथं काही होऊ शकत नाही. दुसऱ्या कचेरीत असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. अ वर्गाचा कागद नष्ट करताच येत नाही, तेव्हा तिसरं उत्तर देणारा स्वतःच अडकतो. आणि तिन्हींपैकी काहीच देत नसतील तर ‘‘सापडत नाही, तसं सहीनिशी लिहून द्या’’ एवढं म्हणायचं. हे वाक्य उच्चारलं की खिडकीच्या आतलं हवामान बदलतं. कारण महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गहाळ झाल्याचं लेखी दिलं की ‘कुणाच्या ताब्यातून?’ हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी गठ्ठा आठवडाभरात सापडल्याच्या कथा प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात.

फारसं कुणी न वापरणारं आणखी एक हत्यार आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा आणि त्याखालच्या कचेऱ्यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत, विनामूल्य. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. एका कचेरीत मी हा निर्णय दाखवला तेव्हा समोरचे गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले, ‘‘हे आम्हाला आलेलंच नाही.’’ पण त्यांनी तो वाचला, रावसाहेबांना दाखवून आले आणि रजिस्टर समोर आणून ठेवलं. स्वतः पानं चाळायला मिळणं ही नुसत्या नकलेहून फार वेगळी गोष्ट आहे. नकलेत मागितलेली एकच ओळ मिळते. पानं चाळताना चुलतआज्याची नोंद दिसते, बिनआडनावाचं तेच कुटुंब तीन जागी भेटतं, आणि लिहिणाऱ्याच्या अक्षराची सवय होते. अर्थात मोडी येत असेल तर. नाही तर बरोबर मोडीवाला न्यावा लागतो आणि त्याचे पैसे पानावर मोजावे लागतात.

हे सगळं जमवूनही ज्यांचा कागद मिळणार नाही अशी माणसं आहेत, कारण त्यांचा कागद झालाच नाही. जमीन नव्हती म्हणून सातबारा नाही, गाव नव्हतं म्हणून कोतवाल बुक नाही, शाळा नव्हती म्हणून जनरल रजिस्टर नाही. पारधी, कैकाडी, वडार. त्यांच्यापैकी कित्येकांना १८७१ पासून चालत आलेल्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि तो कायदा १९५२ मध्ये उठला, तोवर हजेऱ्या लागत होत्या. त्यामुळे पणज्याचं नाव कुठे लिहिलेलं असलंच तर ते पोलिसांच्या रजिस्टरात. सरकारने २०२३ च्या तक्त्यात पोलिसांची आणि तुरुंगांची रजिस्टरं घातली ती कुणब्यांसाठी; पण हा रस्ता भटक्या-विमुक्तांच्या पोरांना केव्हाच दाखवायला हवा होता. त्यांचे अर्ज आजही ‘पुराव्याअभावी’ पडून राहतात.

अपिलाची वाट आहे, पण ती लांबची. पहिलं अपील त्याच कचेरीतल्या वरच्या साहेबाकडे, तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. आयोगांकडे तुंबलेल्या अपिलांची संख्या राज्यात लाखाच्या घरात गेलेली आहे. जुलैत प्रवेशाची मुदत असणाऱ्या मुलीला ती वाट कामाची नाही. जुन्या अभिलेखांचं स्कॅनिंग चालू आहे हे खरं. घरबसल्या पाहायला सुरुवातीला सात जिल्हे खुले झाले. ठाणे, पालघर, मुंबई उपनगर, नाशिक, धुळे, अकोला, अमरावती. मराठवाड्यातला त्यात एकही नव्हता.

कुणबी नोंदींच्या शोधात मात्र मराठवाड्यातलीही पानं स्कॅन झाली. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुकावार, गाववार टाकल्या गेल्या. गावाच्या नावावर बोट ठेवलं की पान उघडतं; मोडीतलं असेल तर कित्येकदा शेजारी देवनागरीत लिहिलेलं. एजंट नाही, स्टॅम्प नाही. पण टाकली ती कुणबी लिहिलेलीच पानं. पावणेदोन कोटी नोंदींवरून माणसांची नजर फिरली होती. कुठल्या गावाचं कुठलं साल कुठल्या रुमालात आहे, एवढं जरी प्रत्येक गठ्ठ्यावर लिहून घेतलं असतं तरी सूचीचं अर्धं काम त्या दोन महिन्यांत उरकलं असतं. तशी सूचना नव्हती. त्याच रजिस्टरात पुढच्या पानावर कोळ्याची, धनगराची, लमाणाची नोंद असेल तर ते पान परत कापडात बांधलं गेलं, आणि त्यांच्या नातवाने खिडकीवर जाऊन सर्व्हे नंबर आणि साल सांगायचं आहे.